पाच किलो आणि रापणीची दोरी

"खोका," मी म्हटलं.

दत्तारामकाका खोकले. त्यांच्या छातीच्या मधोमध माझा तळवा होता. तळव्याखाली कट् करून काहीतरी हललं. मी त्यांना पुन्हा खोकायला लावलं. पुन्हा कट्. जुन्या पाटाची फळी सैल होते आणि बसलं की खाली-वर होते, तसं. पण हे काकांच्या छातीचं हाड होतं, आणि एव्हाना ते घट्ट बसायला लागलेलं असायला हवं होतं.

काका माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांची बायको, सुलूकाकी, त्यांचा शर्ट हातात घेऊन बाजूला बसली होती. मी चेहरा सरळ ठेवला. हे कॉलेजात कुणी शिकवत नाही, पण नोकरीत सगळ्यात आधी तेच शिकावं लागतं.

आधी हाडाचं सांगते. बायपास करताना हृदयापर्यंत पोचायला छातीचं मधलं उभं हाड करवतीने कापावं लागतं. त्याला स्टर्नम म्हणतात. काम संपलं की दोन्ही अर्धे भाग जुळवून स्टीलच्या तारांनी बांधतात. वरची कातडी लवकर भरते आणि पेशंटला वाटतं, झालं, आटपलं. हाड मात्र आपल्या सवडीने जुळतं. त्याला तीन महिने तरी द्यावे लागतात, आणि मधुमेह असेल तर जास्तच. तोवर दोन भाग एकमेकांवर घासले तर खोकताना हाताला असा कट् लागतो. आम्ही त्याला क्लिक म्हणतो. क्लिक वाढला, तारा तुटल्या, आत जंतू शिरले, की परत छाती उघडा. मधुमेह्याची छाती दुसऱ्यांदा उघडायची म्हटलं की आमच्या थिएटरमध्ये कुणी विनोद करत नाही.

आता माझं सांगते. मी डॉक्टर नाही. नर्सही नाही. मी फिजिशियन असिस्टंट, थोडक्यात पीए. आमच्या बाजूला हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "म्हणजे कंपाउंडर?"

मी वेंगुर्ल्याकडच्या आरोंद्याची. बारावीला मार्क बरे पडले, पण एमबीबीएसला पुरतील इतके नाहीत. परत तोच अभ्यास वर्षभर उगाळायची माझी तयारी नव्हती. कॉलेजच्या एका मॅडमनी या कोर्सबद्दल सांगितलं. चार वर्षांचा कोर्स, त्यातलं शेवटचं वर्ष हॉस्पिटलमध्ये राबायचं. पेशंटची सगळी माहिती काढायची, तपासायचं, रिपोर्ट बघून डॉक्टरांसमोर केस मांडायची, ऑपरेशनला हात द्यायचा, नंतर जखमेपासून गोळ्यांपर्यंत सगळ्यावर लक्ष ठेवायचं. निर्णय डॉक्टरांचा. पण निर्णयाच्या अलीकडची आणि पलीकडची बरीचशी वाट आमची. आमचे बाबा गावात लेकीबद्दल सांगत सुटले, "चेडू हार्टाचा ऑपरेशन करता." आई मागून दुरुस्ती करायची, "करणाऱ्याक मदत करता." दोघांचंही खरं होतं.

कोल्हापूरच्या एका हॉस्पिटलात हृदयाच्या सर्जनकडे मला नोकरी लागली. बायपासमध्ये तुंबलेल्या रक्तवाहिनीला जी नवी वाट काढून देतात, तिच्यासाठी पेशंटच्याच पायातली शीर लागते. ती शीर काढणं हे पीएचं काम. पहिल्यांदा सुरी हातात घेतली तेव्हा सरांनी मान न वळवता विचारलं, "हात थरथरतोय का?" मी हो म्हटलं. "थरथरू दे. शीर फाटता कामा नये." फाटली नाही. त्यानंतर किती पाय झाले, मी मोजायचं सोडून दिलं.

तिथे एक गोष्ट मला सारखी खुपायची. मालवण, वेंगुर्ला, कणकवलीकडचे पेशंट ऑपरेशननंतर तपासणीला यायचे ते फोंडाघाट चढून. एसटीत प्रत्येक वळणाला समोरचा दांडा गच्च धरून. जी छाती जपायला आम्ही सांगत होतो, तीच छाती आम्हाला दाखवायला ते घाटात हिंदकळवत आणत. मी सरांच्या मागे लागले की आपण आठवड्यातून एकदा मालवणात जाऊया. ते म्हणाले, जायला डॉक्टर कुठून आणू? मी म्हटलं, मी आहे ना. मालवणातले एक फिजिशियन आपल्या दवाखान्यातली वरची खोली द्यायला तयार होते. औषधं ते लिहून देणार होते, आणि अडलं की सर व्हिडिओ कॉलवर होतेच.

सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "चालव. पण एक जरी पेशंट तिथे बिघडला आणि परत टेबलावर आला, तर त्या दिवशी बंद."

तेव्हापासून दर गुरुवारी मी मालवणात. आणि आता माझ्या हाताखाली हा कट्. शिवाय दत्तारामकाकांच्या पायातली शीर काढलेली होती मीच.

एक्स-रे काढला. खालची एक तार तुटली होती, बाकीच्या जागेवर होत्या. ताप नव्हता, जखम कोरडी होती, साखरही आटोक्यात होती. मी फोटो पाठवला आणि सरांना फोन लावला. त्यांनी फोटो मोठा करून बघितला. मग म्हणाले, छातीला पट्टा बांध, खोकताना उशी छातीशी घट्ट धरायला सांग, उठताना हातांवर जोर द्यायचा नाही. एवढ्यावर हाड बसलं तर बसलं. "पण तार आपोआप तुटत नाही. काय केलंय ते शोध."

मी काकांना विचारलं, काय उचललंत? त्यांनी देवाशपथ सांगितलं की काहीही नाही. सुलूकाकीनेही शपथ घेतली. कळशी नाही, नातू नाही, गॅसचा सिलिंडर तर नाहीच. डिस्चार्जच्या वेळी दिलेला कागद तिने देव्हाऱ्याशेजारी लावून ठेवला होता. पाच किलोच्या वर वजन उचलू नये. ते वाक्य तिने मला पाठ म्हणून दाखवलं. मी काकांना हात पुढे करायला सांगितले. दोन्ही तळव्यांवर दोरीचे ताजे लाल वळ होते.

"हे काय?"

"रापणीक गेललंय," काका अगदी सहज म्हणाले. "वजन खंय उचललंय? दोरी वडलंय."

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडी ते समुद्रात अर्धगोल टाकून येते. मग दोन टोकांच्या दोन दोऱ्या, आणि एकेका दोरीवर माणसांची रांग. सगळी वाडी मिळून ओढते आणि जो मासा मिळेल त्याचे वाटे करते. काका चोरून गेले नव्हते. त्यांनी आमचा कागद शब्दाला शब्द पाळला होता. ऑपरेशननंतर पाच किलोची पिशवी न उचलणारा माणूस मासळीने भरलेलं जाळं ओढत होता, आणि आमच्या कागदाची त्याला काही हरकत नव्हती. मला हसूही येईना आणि रागही धड येईना.

मी त्यांना ओरडले. घाबरवलं, तुटलेली तार दाखवली, पुन्हा छाती उघडायची वेळ येईल म्हणून सांगितलं. त्यांनी मान डोलावली. सुलूकाकीने डोळ्यांना पदर लावला. मला वाटलं, झालं काम.

पुढच्या गुरुवारी तळवा ठेवला तर क्लिक आणखी मोठा. पट्टा व्यवस्थित बांधलेला, उशी बरोबर आणलेली, आणि हातावर नवे वळ.

या वेळी मी ओरडले नाही. स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसले आणि विचारलं, कशाला जाता? मासे कमी पडतात का? ते म्हणाले, तसं काही नाही, आजारी माणसाचा वाटा वाडी घरपोच देते, तशी रीतच आहे.

"मगे?"

काकांनी खिडकीबाहेर बघितलं. "घरात बसान वाटो खावक मी अजून म्हातारो जावक नाय. बापाशीची जागा आसा ती दोरीर. माझ्या वाट्याची दोरी दुसरे वडतत आणि मी ओट्यार बसान बघतंय. ह्या माका जमाचा नाय, बाय. छाती फुटली तरी चलात."

त्यांचा आवाज दुखावलेला नव्हता. एक साधी गोष्ट सांगावी तसं ते सांगत होते. पट्ट्याने आणि उशीने या माणसाला थांबवता येणार नव्हतं, हे मला तिथेच कळलं.

सरांना फोन केला. ते म्हणाले, उद्याच कोल्हापूरला आण, मी तारा पुन्हा बसवतो, आणि मालवणचं प्रकरण इथेच थांबव. मी एक आठवडा मागितला. सरांनी विचारलं, एका आठवड्यात काय करणार आहेस? मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "किनाऱ्यावर जाऊन बघते, सर."

"ताप आला, जखमेतून थेंब जरी आला, तर त्याच क्षणी गाडी काढायची."

कोल्हापूरच्या एसटीत बसायचं सोडून मी मालवणातच राहिले आणि सकाळी वाडीवर गेले. होडी जाळं टाकून येत होती. रापणीचे प्रमुख वासूदाजी वाळूच्या उंचवट्यावर उभे होते. सत्तरीचे, कमरेला पंचा, डोळ्यांवर हात धरलेला. पाण्याचा रंग बघून मासळी कुठे आहे ते सांगायचं आणि होडीला वळवायचं, हे काम त्यांचं. खाली दत्तारामकाका शर्टाच्या आत पट्टा बांधून दोरीपाशी आलेच होते. मला बघून त्यांनी मान फिरवली.

मी वासूदाजींना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, आम्ही काय कमी सांगितलं त्याला? तो ऐकेल तर ना. त्याची जागा रिकामी ठेवली तर येऊन उभा राहतो. घरचं कुणी बदली दिलं असतं तर प्रश्न मिटला असता, पण मुलगा मुंबईला, आणि सुलूचे गुडघे गेलेले.

"मी बदली ऱ्हवलंय तर चलात?" मी विचारलं. तोंडातून निघून गेलं आणि मग मी दोरीच्या जाडीकडे बघितलं.

"तू तेची कोण?"

"तेच्या डॉक्टरांची असिस्टंट."

"म्हणजे कंपाउंडर?"

"जा काम डॉक्टरांच्या हातान होवक व्हया, पण तेंका थंय पोचाक जमणा नाय, ता मी करतंय."

वासूदाजींनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "मगे धर दोरी," ते म्हणाले.

मी चपला काढल्या, ओढणी कमरेला बांधली आणि दत्तारामकाकांसमोर जाऊन उभी राहिले. ते दोरी सोडायला तयार नव्हते. मी हळू आवाजात म्हटलं, "काका, तुमच्या पायातली शीर मी काढलंय ती फाटली नाय. तुमची जागा पण फाटाची नाय. हाड जुळला की परत घेवा." त्यांनी थोडा वेळ दोरी तशीच धरून ठेवली. मग सोडली.

पुढचं फारसं शोभेचं नव्हतं. मी हातांनी ओढत होते. मागचा माणूस म्हणाला, हातान नको, कमरेन वड. टोपल्या घेऊन आलेल्या बायका मला बघून खो खो हसत होत्या. पुण्याकडच्या एका पर्यटक मुलीने माझ्यापुढे दोरी धरून फोटो काढून घेतला आणि ती नारळपाणी प्यायला निघून गेली. माझी सुटका नव्हती. थोड्याच वेळात तळहात सोलून निघाले.

पण त्या दोरीवर मला एक गोष्ट कळली, जी एक्स-रेत दिसत नव्हती. प्रत्येक जण दोरीच्या एकाच बाजूला उभा राहून अंग तिरकं करून ओढतो. दर खेपेला एक खांदा पुढे खेचला जातो, दुसरा मागे. म्हणजे छातीचा एक अर्धा भाग पुढे, दुसरा मागे. काकांची तार नुसत्या जोराने तुटली नव्हती. दोन भाग एकमेकांवर घासत होते म्हणून तुटली होती. जाळं वाळूला लागल्यावर मी सोललेल्या हाताने सरांना फोन लावला.

"सर, वजन नाही. तिरका ताण आहे. तो थांबला तर बाकीच्या तारा धरतील."

"तुला कसं कळलं?"

"मी आत्ताच ओढून बघितलं."

मग सर म्हणाले, "आठवडा दिला. पुढच्या गुरुवारी फोटो पाठव."

अर्धं काम झालं होतं. उरलेलं अर्धं माझ्यासमोर वाळूत बसलं होतं. दत्तारामकाका हरवल्यासारखे मासळीच्या ढिगाकडे बघत होते. असेच बसून राहिले तर उद्या परत दोरीला हात लावतील, हे मला दिसत होतं. तेवढ्यात शेजारच्या बायका कुरकुरल्या, आज निम्मी मासळी बाहेरून निसटली. एकजण हळूच म्हणाली, दाजींना आता पाणी कुठे दिसतंय? मी वासूदाजींच्या डोळ्यांकडे नीट बघितलं. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पांढरा दिसत होता.

दाजींना बाजूला घेऊन मी विचारलं, तुमच्या जागी पाणी बघायला दत्तारामकाका चालतील का? ते चिडले. चाळीस वर्षं मीच बघतोय, म्हणाले. मी म्हटलं, तुमचा डोळा करून आणायची व्यवस्था मी करते, तोवर बदली द्या की. मी नाही का बदली राहिले? त्यांनी कमरेचा पंचा सोडून पुन्हा आवळला. शेवटी काकांकडे वळून ते म्हणाले, "दत्ता, उद्या वर उभो ऱ्हव. पण हात वर करूचो नाय हां, डॉक्टरनीन सांगलानी आसा."

हात वर करायला खरोखरच बंदी होती. मग होडीला खूण कशी करायची? काकांनी तोडगा स्वतःच काढला. दुसऱ्या दिवसापासून ते उंचवट्यावर उभे राहिले, छातीशी उशी गच्च आवळून, आणि ओरडून होडीला डावीकडे-उजवीकडे वळवू लागले. मालवणच्या किनाऱ्यावर उशी घेऊन उभा राहिलेला माणूस कुणी बघितला नव्हता. पर्यटकांनी दोरी सोडून त्यांचे फोटो काढले. काकांचा रुबाब काही विचारू नका. पाणी त्यांना चांगलं कळत होतं, आणि चुकलेल्याला चारचौघांत झापायची हौस तर त्यांना पहिल्यापासूनच होती, असं सुलूकाकीने मला सांगितलं.

माझी बदली मात्र खरीच झाली. पुढे काही आठवडे दर गुरुवारी सकाळी जाळं पडलं की मी दोरीवर, आणि मग आंघोळ करून क्लिनिकमध्ये. बाकीच्या दिवशी वाडीतल्या बायकांनी पाळ्या लावून घेतल्या. हसत होत्या त्याच.

पहिल्या गुरुवारी क्लिक तेवढाच होता. सरांना फोटो पाठवला, त्यांनी फक्त 'चालू ठेव' लिहिलं. त्यानंतर तो कमी होत गेला. एका गुरुवारी मला शंका आली की मीच चुकतेय, म्हणून मी काकांना चारदा खोकायला लावलं. काका वैतागले. हाताखाली काही हललं नाही. त्या दिवशी खोलीचं दार लावून घेऊन मी एकटीच नाचले, हे सुलूकाकीला आवाजावरून कळलं.

सरांना सांगितलं तर ते म्हणाले, मी स्वतः बघितल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही. आणि खरंच आले, स्वतः गाडी चालवत. काकांच्या छातीवर तळवा ठेवला. "खोका." काका खोकले. सरांनी डोळे मिटले. पुन्हा खोकायला लावलं. एक्स-रे उजेडात धरून बराच वेळ बघितला. तुटलेली तार तशीच होती, पण हाड जुळलेलं होतं.

सरांना कौतुक करायची सवय नाही. ते म्हणाले, "कणकवलीलाही एक खोली बघ. तिथे दुसरी पीए लागेल. तिला तू शिकव." मी हो म्हटलं. एवढं एकच वाक्य ऐकण्यासाठी आरोंद्याहून निघाल्यापासून मी खपत होते, हे त्यांना सांगितलं नाही. तुम्हाला सांगते.

आम्ही निघत होतो तेवढ्यात वासूदाजी आले, एका डोळ्यावर हिरवी पट्टी. बरोबर भलीमोठी पिशवी, आत ताजे बांगडे. त्यांनी ती माझ्यासमोर ठेवली.

"ह्यो असिस्टंटचो वाटो."

सरांनी हसून विचारलं, "आणि माझा?"

"तुमी दोरी खंय वडलास?" दाजी म्हणाले.

आमच्या डिस्चार्जच्या कागदावर आता उचलू नका, ओढू नका, ढकलू नका असं तिन्ही छापलेलं आहे. पण त्याआधी मी प्रत्येक पेशंटला एक विचारते, तुम्ही दिवसभर हातांनी काय करता? उत्तर ऐकून घेते आणि मगच काय करू नका ते सांगते. कणकवलीच्या नव्या पीएलाही मी पहिल्या दिवशी हेच शिकवलं. शीर काढायला नंतर.

बांगडे त्या दिवशी सरांच्या गाडीतून फोंडाघाट चढून कोल्हापूरला गेले. पिशवी पाच किलोच्या चांगलीच वर होती. ती गाडीपर्यंत मी सरांना उचलायला लावली. सकाळच्या दोरीने माझे हात सोललेले होते.